व्याह्यांच्या खांद्यावरचा चापान

साठ चापान, मानाचे मखमली झगे; दर चापानामागे चौदाशे किरगिझ सोम सुटणार, म्हणजे चौऱ्याऐंशी हजार. होशिमजानने हा गुणाकार सप्टेंबरातल्या एका सकाळी बिश्केकच्या दोरदोय बाजारात, दुकान म्हणून भाड्याने घेतलेल्या लोखंडी कंटेनरात बसून केला. चहाचा घोट घेऊन पुन्हा केला. उत्तर बदलत नाही असं बघून तो मनाशीच हसला. चौऱ्याऐंशीतले ऐंशी कनिशाय एजेला, म्हणजे कनिशायताईला, इसार म्हणून द्यायचे. त्या ओळीत चार कंटेनर तिच्या मालकीचे होते. त्यातला कोपऱ्यावरचा ती विकायला काढणार होती, आणि मार्चातल्या नवरोजच्या आत जो इसार ठेवेल त्याचा तो कंटेनर, बाकीचं सावकाश फेडा, असं तिने चारचौघांत सांगून टाकलं होतं. उरलेल्या चार हजारांत बायकोला, ओयदिनला, हिवाळी बूट. हिशेब अगदी स्वच्छ होता. चापान अजून विकले गेले नव्हते, एवढीच काय ती त्यात कसर.

पंधरा वर्षांपूर्वी तो उझबेकिस्तानातल्या मर्गिलानहून बिश्केकला आला तेव्हा त्याच्याकडे गोधडीत गुंडाळलेलं एक शिलाई मशीन होतं आणि बरोबर ओयदिन होती. ती त्याही वेळी म्हणाली होती की मशीनला गोधडी आणि मला साधी शाल, हे लक्षात ठेवीन. सैराकान आपा नावाच्या किरगिझ बाईने घरातली पुढची खोली त्यांना भाड्याने दिली. त्या खोलीत त्याने बायकांचे गाऊन शिवले. खोलीची दोन झाली, मग एक तळघर झालं. आता तळघरात बारा मशिनं होती, त्यावर काम करणाऱ्या बाया होत्या, आणि होशिमचे गाऊन पार सायबेरियापर्यंत जात. एवढं होऊनही बाजारात तो भाडेकरूच. धंद्याला जरा रंग चढला की मालकाला आपला मेहुणा आठवे, आणि होशिमला दुसऱ्या ओळीत बिऱ्हाड हलवावं लागे. प्रत्येक वेळी निम्मी गिऱ्हाइकं जुन्या जागी जाऊन, तो गावी परत गेला वाटतं, असं समजून शेजारच्याकडून माल घेत. स्वतःचा कंटेनर झाला की ‘गावी गेला वाटतं’ हे बंद होणार होतं. त्यासाठीच त्याने सगळी शिल्लक मखमलीत घातली होती.

चापानच का, तर तेही त्याने डोळे उघडे ठेवून ठरवलं होतं. किरगिझ लग्नात व्याह्यांचा मान कपड्यांनी करतात. भर मांडवात एकेका व्याह्याला उभं करायचं, खांद्यावर नवाकोरा चापान टाकायचा, विहिणीला शाल, आणि टाळ्या. मुलीकडचे मुलाकडच्यांना देणार, मुलाकडचे मुलीकडच्यांना. शरद ऋतूत तर शहरातला एकही हॉल रिकामा नसतो. लग्नं थांबत नाहीत, तेव्हा चापानही थांबणार नाहीत, असं होशिमने धरून चाललं. घोट्यापर्यंत येणारा, आत कापूस भरलेला, गळ्याला आणि बाह्यांना सोनेरी नक्षी असा नमुना त्याने स्वतः कापला. मर्गिलानचा हात होता, माल देखणा झाला.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून त्याने कनिशाय एजेलाच गाठलं. तिच्या थोरल्या मुलाचं लग्न तोंडावर आलं होतं. कनिशाय ही त्या ओळीची अघोषित पंचायत. बायकांची भिशी तिच्या घरी, भांडणं तिच्यासमोर, आणि कुणाचा माल चांगला हे ठरायचं तेही तिच्या चहाच्या पातेल्याभोवती. तिने दहा चापान घेतले, पण त्याआधी प्रत्येक शिवण उलटून बघितली, भाव पाडला, दिवसाची भवानी माझ्या हातची आहे म्हणून आणखी पाडला, आणि निघताना एक शालही ओढून घेतली. होशिमला दहांत फक्त कापडाचे पैसे सुटले. त्याने मनात धीर धरला. आठशे पाहुणे बघणार होते. जाहिरात म्हणून हे स्वस्तच पडलं.

त्या दहांत एक चापान जरा वेगळा होता. लाल अस्तर संपल्यामुळे त्याच्या डाव्या बाहीला आतून हिरवं अस्तर लागलं होतं. कनिशायच्या नजरेतून ते कसं सुटलं याचं होशिमला पुढे कित्येक दिवस कौतुक वाटत राहिलं.

लग्न थाटात झालं. होशिम शेवटच्या टेबलावर बसून मटण खात होता आणि व्याह्यांच्या खांद्यावर पडणारे आपले चापान मोजत होता. लोकांनी मखमलीवरून हात फिरवले. कुठून घेतले, असं दोघा-तिघांनी कनिशायला विचारलं, तिने हनुवटीने होशिमकडे दाखवलं. त्याने घरी येऊन ओयदिनला सांगितलं की बूट बघून ठेव.

पंधरा दिवसांनी तोकमोकला एका लग्नात तो गेला. तिथे मांडवात एका लठ्ठ व्याह्याने हात वर केला आणि बाहीतून हिरवं अस्तर दिसलं. होशिमचा ऊर भरून आला. आपला माल तोकमोकपर्यंत पोचला. मग एका साठीच्या समारंभात तोच हिरवा हात एका सडपातळ मास्तरांच्या अंगावर दिसला. तेव्हाही तो खूशच झाला, फक्त घास घेता घेता जरा थांबला, कारण मास्तरांना चापान ढगळ होत होता. इकडे कंटेनरात पन्नास चापान खिळ्यांना टांगलेले तसेच होते. लोक येत, कौतुक करत, मखमलीला गाल लावत आणि गाऊन घेऊन जात. समोरच्या ओळीतला बूटवाला रोज कनिशायला सलाम करायला येऊ लागला होता. त्यालाही कोपऱ्यावरचा कंटेनर हवा होता, आणि त्याचे बूट खपत होते.

जानेवारीत सैराकान आपाच्या पणतूचा पाळण्याचा समारंभ झाला. होशिमने पाळण्याची मखमली झूल शिवून दिली आणि पैसे घेतले नाहीत. त्या म्हातारीने पहिल्या हिवाळ्यात दोन महिने भाडं मागितलं नव्हतं, आणि हे त्याच्या हिशेबात असं काही पक्कं बसलं होतं की दर वर्षी तो काही ना काही फेडायचा आणि तरी ते फिटायचं नाही. जेवणं झाल्यावर म्हातारी काठी टेकत उठली. सगळ्यांसमोर म्हणाली की हा परक्या मुलखातून आला, माझ्या घरात राहिला, आज माझ्या पणतूला सजवलं, तेव्हा हा माझ्या घरचाच. दोन नातींनी होशिमच्या खांद्यावर चापान टाकला. मखमल अंगावर पडताच शिवणीचा हात ओळखीचा लागला. होशिमने बाह्या घातल्या. डावी बाही आतून हिरवी होती.

त्याने वाकून म्हातारीचा हात डोळ्यांना लावला. वाकल्या वाकल्या अस्तरही पुन्हा नीट बघून घेतलं. वाकण्यात निम्मा मान होता, निम्मा हिशेब.

घरी येऊन त्याने चापान पलंगावर टाकला.

“हा कनिशायकडून तोकमोकच्या व्याह्यांकडे गेला,” तो म्हणाला. “तिथून मास्तरांकडे. मास्तरांकडून कुठून कुठून आपाकडे. मी दहा विकले ओयदिन, आणि त्या दहांत अख्ख्या शहराची लग्नं लागताहेत.”

ओयदिन बटाटे सोलत होती. “मग? मानाचा कपडा कुणी वापरतं का? पेटीत ठेवतात. पुढच्या लग्नात देतात.”

“तुला माहीत होतं?”

“अहो, आपल्या पेटीत काय आहे?”

पेटीत तीन झगे होते, दोन रेशमी तागे, आणि होशिमच्याच भावाने दिलेली घडीही न मोडलेली शाल. गेल्या वर्षी त्याच पेटीतून काढून त्याने स्वतः तीन ठिकाणी मान केले होते आणि तीनदा पैसे वाचले म्हणून बायकोची पाठ थोपटली होती. गाऊन फाटतो, म्हणून बाई दुसरा घेते. चापान फाटायला आधी कुणी तो अंगात घालायला हवा. हे साठ चापान शिवण्याआधी सुचायला हवं होतं. पण देताना आपण जे करतो ते विकताना लोक करतील, हे कुठल्या व्यापाऱ्याला सुचतं?

“मला आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं,” ओयदिन म्हणाली. “तुम्ही बूट बघून ठेव म्हणालात, मी बूट बघत बसले. आता तो झटका आणि पेटीत ठेवा. मार्चमध्ये कनिशायच्या दिराकडे लग्न आहे, द्यायला होईल.”

हे होशिमला सहन झालं नाही. हा एक तरी चापान पुढे जाऊ द्यायचा नाही, असा त्याने हट्ट धरला. दुसऱ्या दिवशी तळघरात जाऊन, सोनेरी दोरा ओवून, त्याने छातीवर डाव्या बाजूला स्वतःचं नाव शिवलं: मर्गिलानचा होशिमजान. मशीनला त्याची सवय नव्हती, अक्षरं उतरणीला लागल्यासारखी खाली घसरली. पण आता हा कपडा जगात दुसऱ्या कुणाला देता येणार नव्हता. तो अंगात घालून होशिम बाजारात आला.

बाहेर उणे पंधरा होतं, लोखंडी कंटेनर बर्फाच्या पेट्या झाले होते, त्यामुळे मखमलीत त्याला ऊब मात्र छान वाटली. ओळीतल्या बायांनी बघितलं आणि हातातलं काम टाकलं. मोजेवाली म्हणाली की होशिम आकाचं आज लग्न दिसतंय, ओयदिनला कळवलं का. चहावाली म्हणाली की नाव घातलं ते बरं केलं, दारू प्यायल्यावर पोलिसांना पत्ता शोधायला नको. कनिशाय आपल्या कंटेनरच्या दारातून बघत होती. तिने मान हलवली. “मानाचा कपडा घालून माल विकतोस, उस्ताद? उद्या मानाच्या ताटात कोंबड्यांना दाणे घालशील.”

होशिम दिवसभर हसण्यावारी नेत राहिला. तिसऱ्या दिवशी सैराकान आपा नातवासाठी मोजे घ्यायला बाजारात आली. होशिमला बघून ती रस्त्याच्या मधोमध थांबली. हातगाडीवाले ओरडू लागले, तरी हलेना. मग जवळ येऊन तिने काठी बगलेत मारली, दोन्ही हातांनी चापानाचा गळा सारखा केला आणि नावावरून बोट फिरवलं.

“घातलास,” ती म्हणाली. “लेकरा, मी मुलानातवंडांची अठ्ठावीस लग्नं केली. आयुष्यभर लोकांच्या खांद्यावर कपडे टाकत आले. दुसऱ्या दिवशी कुणाच्या अंगावर एकही बघितला नाही. सगळे पेटीत. मला वाटायचं, माझ्या हातात काही खोट आहे.”

तिचे डोळे भरले होते, नाक लाल झालं होतं, थंडीने की कशाने कोण जाणे. होशिमला खरं सांगता आलं असतं. सांगता आलं असतं की आपा, हा मी रागाने घातला. पण समोरच्याच्या आनंदातला धागा उसवायचा नसतो, एवढं शिलाईने त्याला शिकवलं होतं. तो म्हणाला, “आपा, तुम्ही दिला तो दुसऱ्याला कसा देऊ? म्हणून नाव घातलं.”

म्हातारी तिथेच उभी राहून आल्यागेल्याला नाव दाखवू लागली. मोजे घ्यायचे विसरून ती कनिशायच्या चहाच्या पातेल्यापाशी जाऊन बसली आणि तिथे जमलेल्या बायांना तिने विचारलं की तुमच्या व्याह्यांनी तुमचे कपडे कधी घातले का. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. प्रत्येकीने दिले होते, प्रत्येकीला आठवत होतं किती महागाचे. आणि प्रत्येकीच्या पेटीत दुसरीने दिलेले होते.

त्या आठवड्याच्या भिशीत दुसरा विषय निघाला नाही. मोजेवालीच्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. तिने येऊन सहा चापान मागितले, व्याह्यांच्या नावासकट. नावं ओयदिनने घातली. मर्गिलानच्या टोप्यांवर भरतकाम करत ती वाढली होती, तिच्या हातची अक्षरं होशिमसारखी उतरणीला लागत नव्हती. लग्नात व्याह्यांनी आपलं नाव बघितलं आणि बाकीच्या पाहुण्यांनी आपापले कोरे चापान बघितले. कोरा म्हणजे कुणीतरी आधी दिलेला, किंवा पुढे कुणाला तरी द्यायचा, हे आता ज्याला त्याला उघड दिसू लागलं. फेब्रुवारी संपेपर्यंत नाव नसलेला चापान देणं म्हणजे उष्टं ताट पुढे करण्यासारखं झालं. पन्नासांतले एकतीस खिळ्यांवरून उतरले. होशिमने इसाराचे पैसे एका डब्यात वेगळे ठेवायला सुरुवात केली आणि ओयदिनने पुन्हा बूट बघायला.

मग एका दुपारी कनिशाय एजे आली. आल्या आल्या तिने कंटेनरचं दार आतून ओढून घेतलं. एरवी ती पायरीवर उभी राहूनच बोलायची, तेव्हा होशिमने शेगडी तिच्याकडे सरकवली.

“माझ्या पेटीत सात चापान आहेत,” ती म्हणाली. “सात. मे महिन्यात पोरीचं लग्न, नारिनचे लोक आहेत, नाकाने कांदे सोलणारे. मी निवांत होते, सातांत भागेल म्हणून. तू एका दोऱ्याने माझी पेटी रद्दीत काढलीस.”

होशिम म्हणाला की नवे घ्या, तुम्हाला भावात बघू.

“भावात नको बघूस, तोंडाकडे बघ माझ्या. पोराच्या लग्नाने मला कोरडं केलंय. कंटेनर मी हौसेने विकत नाहीये. बूटवाला इसार घेऊन उभा आहे. आज हो म्हणाले तर आज देईल. आणि तो माझ्या पेटीत हात घालत नाही.”

म्हणजे बाईने डावच मांडला होता. सात नवे चापान फुकट, नाहीतर कंटेनर बूटवाल्याला. होशिमने शेगडीवर हात धरून मनात गणित केलं. सात चापान म्हणजे जवळपास अठ्ठावीस हजार. ते दिले तर नवरोजपर्यंत इसार पुरा होत नाही, नाही दिले तर इसार ठेवायला कंटेनरच उरत नाही. पंधरा वर्षांचं भाडं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि मग, बरीच वर्षं लोकांच्या मापात राहिल्यामुळे असेल, त्याला दिसलं की दार तिने धमकी द्यायला ओढलेलं नाही. धमकी ती पायरीवरूनही देऊ शकली असती. ओळीला कळू नये म्हणून ओढलंय.

“एजे,” तो म्हणाला, “जुने सातच द्या ना व्याह्यांना.”

“नाव नसलेले? नारिनवाल्यांना?”

“नाव घालू. अस्तर बदलू, वाफ देऊ, गळ्याची नक्षी नवी बसवू. माझ्या हातून गेलेला माल जुना आहे हे ओळखणारा या शहरात एकच माणूस आहे, तो मी.”

कनिशायने डोळे बारीक केले. “आणि ओयदिन?”

“तिला भरतकामातून मान वर करायला सवड आहे कुठे.”

“किती घेशील?”

“काही नाही. कंटेनर नवरोजपर्यंत माझ्यासाठी थांबला पाहिजे. ठरल्या भावात. बूटवाल्याने वाढवला तरी.”

कनिशाय एवढ्यावर हो म्हणाली असती तर ती कनिशाय कसली. तिने एक शाल मागितली. मग अस्तर रेशमी हवं म्हणाली. मग तिला आणखी काहीतरी सुचलं आणि चेहरा उजळला. नाव घातलं तरी हरकत नाही, तिचा नवरा जुमाबेक, आणि किरगिझांत जुमाबेक ढिगाने, तेव्हा त्याला मिळणारा चापान दुसऱ्या जुमाबेकला देता येईल. होशिमने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की यापुढे नावाखाली गावही घालायचं. ती हसली, पहिल्यांदाच मनापासून, आणि दार उघडून मोठ्याने, ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बरं उस्ताद, सात नवे काढून ठेव. पैसे मागून देते.”

पेटी त्या रात्रीच तळघरात आली. होशिमने चापान उलगडले तेव्हा सातांतले तीन त्याचेच निघाले, पाच-सहा महिन्यांत शहर फिरून मालकिणीकडे परतलेले. त्याने ते ओयदिनला दाखवले नाहीत. तो अस्तराचं कापड देत असताना तिने नेमके तेच तीन चापान हातात घेऊन त्याच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा दाखवायची गरजही उरली नाही.

नवरोजच्या आदल्या दिवशी इसार दिला गेला. उरलेल्या एकोणिसांतले बहुतेक तोवर उतरले होते. शेवटचे काही उधारीवर गेले आणि जी काही तूट आली ती बुटांच्या पैशांतून भरली. बूटवाला येऊन गळाभेट घेऊन गेला आणि ओयदिनसाठी एक जोड अर्ध्या किमतीत देऊन गेला, नवीन शेजारी म्हणून. कोपऱ्यावरच्या कंटेनरवर होशिमने स्वतः निळा रंग मारला. दोन दिवसांनी सायबेरियाची एक जुनी गिऱ्हाईक आली आणि म्हणाली, तुम्ही अजून इथेच? तो हो म्हणाला आणि तिला मुद्दाम दोनदा चहा पाजला.

कनिशायच्या पोरीचं लग्न मे महिन्यातून जूनमध्ये सरकलं. नारिनच्या व्याह्यांना सात चापान मिळाले, नावासकट, गावासकट, रेशमी अस्तराचे. नारिनवाले नाकाने कांदे सोलणारे असले तरी हिशेबात मागे राहणारे नव्हते. त्यांनी उलट मान केला तो होशिमकडूनच नवे घेऊन, आणि नावं घालूनच. आता नाव घातलेला कपडा पेटीत टाकला तर देणारा लगेच विचारतो, आमचा दिसला नाही कुठे. म्हणून आलेल्या सगळ्यांनी आपापले चापान अंगात घातले आणि पंख्याखालच्या रांगेत बसले. बाहेर छत्तीस डिग्री होतं. विहिणी समोर बसून कोण गुंडी सोडतो हे बघत होत्या.

जुमाबेकने मांडवाच्या दारात होशिमला गाठलं. टोपीखालून घाम कानांवर उतरत होता. पातळ कापडात काही होईल का, असं त्याने दबक्या आवाजात विचारलं. होशिमने सांगितलं की होईल, पण मखमल पाहिलेल्या बायकांना पातळ कापड चालेल का ते एजेला विचारून या. जुमाबेक विचारायला गेला नाही.

जमाखर्च मांडला तर असा. कनिशायने एक सोमही दिला नाही, उलट एक शाल नेली. सात जुन्या चापानांचं अस्तर होशिमला पडलं, त्यावरची नावं ओयदिनच्या डोळ्यांना. इसार आणि त्यापुढचे हप्ते मोजेवालीच्या बहिणीपासून नारिनपर्यंतच्या विहिणींनी भरले आणि आपला कपडा लोकांच्या अंगावर दिसतोय म्हणून पैसे वसूल झाले असं मानून गेल्या. राहिले त्यांचे नवरे. त्यांच्याकडून कुणी छदामही घेतला नव्हता. ते त्या दिवशी दुपारपासून संध्याकाळच्या शेवटच्या भाषणापर्यंत, कापूस भरलेल्या मखमलीत, छातीवर स्वतःचं नाव घेऊन, फेडत बसले होते.